पस्तीस अंशांची अट

लॅपटॉपसोबत येणारी ती चिमुकली पुस्तिका कोणी वाचत नाही. खोक्यातून निघते आणि वॉरंटी कार्डाच्या सोबतीने कपाटाच्या खणात जाऊन पडते. आमच्या लॅपटॉपने मे महिन्यात भरदुपारी डोळे मिटायचा सपाटा लावला, तेव्हा मी ती शोधून काढली. शेवटच्या पानांवर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं की हे यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावं. मग कुतूहलाने आणखी दोन-तीन कंपन्यांच्या पुस्तिका पाहिल्या. सगळीकडे तोच आकडा. पस्तीस!

हे वाक्य मी नागपुरात बसून वाचत होते. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश पाहिलेत. मे महिन्यात इथे रात्री जेवणं उरकल्यावरसुद्धा पश्चिमेकडची भिंत हाताला गरम लागते. म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबाने होळी झाली की यंत्र कापडात गुंडाळून ठेवायचं आणि मृग लागल्यावर बाहेर काढायचं.

ते बंद पडतं कसं, हेही बघण्यासारखं असतं. आधी पंखा आवाज चढवतो. मग टाइप केलेली अक्षरं जरा उशिराने उमटू लागतात, कारण आतली चिप आपला वेग आपणच उतरवते. काम कमी म्हणजे उष्णता कमी. तेवढ्याने भागलं तर ठीक. नाहीच भागलं आणि चिपचा पारा शंभरीच्या पुढे सरकू लागला, की पडदा काळा. निरोप नाही, सूचना नाही. ‘सेव्ह करू का?’ हा एरवी उठता-बसता विचारला जाणारा प्रश्नही नाही.

राग येतो, पण या फटकळपणामागे शहाणपण आहे. २०००च्या आसपासच्या काही चिप्सना ही अक्कल नव्हती. डोक्यावरचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, निसटला तर काही सेकंदांत धूर निघायचा आणि चिप कायमची जायची. आताची जात नाही, नुसती थांबते. आमच्या सासूबाईंना हे अजिबात नवलाचं वाटलं नाही. “त्याले ऊन लागलं वाटते,” असं त्यांनी निदान केलं, आणि वर, “खिसा तं नाही त्याले, नाहीतर कांदा ठेवला असता.”

खरी गंमत मात्र त्याच्या पोटात आहे. चिपवरून तांब्याची एक चपटी नळी निघते आणि कडेच्या जाळीपर्यंत जाते. ती भरीव वाटते, पण आतून पोकळ असते. हवा काढून घेतलेली आणि थोडंसं पाणी घालून सील केलेली. हवेचा दाब नसल्याने ते पाणी बऱ्याच कमी तापमानाला उकळतं. चिपच्या बाजूला वाफ होते, वाफ उष्णता घेऊन जाळीकडे धावते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने गार होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरखरीत अस्तरातून झिरपत परत येते. दिवसभर हीच ये-जा. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली. पुढे ती अंतराळयानांत गेली आणि मग आमच्या टेबलावर आली. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून नेतं, ही गोष्ट विदर्भात कुणाला शिकवावी लागत नाही. खिडकीत बसवलेला कूलर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून हेच तर करतो. म्हणजे खोलीत एक मोठा कूलर आणि त्याच्या समोर, लॅपटॉपच्या पोटात, दुसरा बोटभर कूलर! दोघांचाही एकमेकांवर भार.

आणि इथूनच आमच्या घरातल्या भांडणाला सुरुवात होते. कूलरचं तोंड कुणाकडे? सासऱ्यांची आरामखुर्ची वर्षानुवर्षं थेट झोतात. लॅपटॉपलाही तीच जागा हवी, कारण खोलीतली हवा जितकी गार तितकी ती जाळी निवते. खुर्ची सरकवायचा प्रस्ताव मी मांडला. “मशीनसाठी माणसानं उठायचं?” हा प्रश्न पेपरच्या आडून आला, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय टाकी नुकतीच भरलेली असली की कूलर वाऱ्याबरोबर तुषारही उडवतो. खुर्चीतल्या माणसाला ते सुखाचे, कीबोर्डला नाही. शेवटी टेबल तिरकं लावलं. झोताची कड तेवढी लॅपटॉपला लागते, आणि मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं ठेवून तो जरा उचललाय, म्हणजे बुडाच्या जाळीतून त्याला श्वास घेता येतो. पंखेवाले स्टँड बाजारात मिळतात. त्यांच्या निम्मं तरी काम झाकणांना जमतं असं मला वाटतं, आणि झाकणं फुकट. गादीवर मात्र आमच्याकडे आता कुणी लॅपटॉप ठेवत नाही. गादी खालून त्याचं नाकतोंड दाबते.

उपाय सांगणारे तर पुष्कळ. भाच्याने गंभीरपणे सुचवलं, “मामी, पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेव.” हे करू नये. थंडगार यंत्र कूलरच्या दमट खोलीत बाहेर काढलं, की बर्फाच्या पाण्याच्या ग्लासावर जमतं तसं पाणी त्याच्यावर धरतं. बाहेरून दिसतं ते पुसता येईल, आतलं कोण पुसणार?

मग लॅपटॉप बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुरुस्तीवाल्याकडे नेला. अरुंद जिन्याने वर, टेबलाएवढं दुकान, समोर उघड्या पोटाच्या लॅपटॉपांची रांग. त्याने बुडाचे स्क्रू काढले, पंखा बोटाने फिरवला आणि म्हणाला, “ताई, पंखा तं चालून राहिला. पण हवा जाईन कुठून?” पंखा आणि जाळी यांच्या मधोमध धूळ, केस आणि ओढणीचे धागे मिळून एक राखाडी थर जमला होता, इतका घट्ट की चिमट्याने अख्खा एका तुकड्यात निघाला. कूलर बाहेरची धूळ आत ओढतो ती कुठे जाते, याचा पुरावाच. नंतर त्याने चिपवरची जुनी पेस्ट खरवडली. चिप आणि तांबं कितीही घासूनपुसून बसवलं तरी त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात, आणि फटींतली हवा उष्णता अडवते. त्या भरायला ती पेस्ट. आमची वाळून खपली झाली होती. नवी लावली ती हरभऱ्याच्या डाळीएवढी. मला वाटलं होतं भरपूर थापेल. “जास्त लावली तं उलटंच होते ना ताई,” इतकंच बोलून तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

आता बंद पडायचं प्रमाण बरंच कमी झालंय, पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भट्टीचे दिवस, लागला की दुपारी एक ते चारमध्ये अजूनही कधीकधी अंधार होतोच. खरं तर त्या वेळेत इथलं सगळंच मंदावतं. शाळा सकाळच्या, दुकानांचे पडदे ओढलेले. उन्हात गाडीवाले ताटकळू नयेत म्हणून काही चौकांतले सिग्नलसुद्धा दुपारी बंद ठेवतात. फक्त पुण्याच्या ऑफिसला हे पटत नाही. तिथल्या एसीत बसलेल्या माझ्या सहकारी बाईंना ‘लॅपटॉप तापलाय’ हे कारण ‘कुत्र्याने वही खाल्ली’ या जातीचं वाटतं. म्हणून मी व्हिडिओचं, मोठ्या फायलींचं काम पहाटे पाचला उरकते आणि दुपारी नुसता मजकूर लिहिते. मजकुराने त्याला फार घाम फुटत नाही. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्यांना वेळ निवडायची ही सोय नसते, हे खिडकीच्या पडद्याआडून दिसतं तेव्हा माझी तक्रार जरा आखडती घेते.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि सगळं पालटतं. पारा तिशीकडे उतरतो, पंखा गप्प होतो, लॅपटॉप दिवसभर विनातक्रार चालतो. हवेत दमटपणा किती, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हाल आमचे सुरू होतात. ओल्या हवेत पाण्याची वाफ फारशी होत नाही, कूलर नुसता ओलसर वारा फेकतो, पापड सादळतात, चादरी चिकटतात. सासूबाई पदराने मान पुसत टेबलाकडे बघतात आणि म्हणतात, “आता कसं, मजेत चालून राहिलं याचं.”