दंत महाविद्यालय बघायला गेलात तर आधी ऑटोक्लेव्ह बघा

पुण्यात धनकवडी, वडगाव, पिंपरी, कॅम्प अशा भागांत दंत महाविद्यालयं आहेत. पाहुण्यांना चकचकीत खुर्च्या दाखवतात. खरी परीक्षा मागच्या खोलीत असते. तिथे ऑटोक्लेव्ह असतं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं मशीन.

पाउचमधली (सीलबंद पिशवीतली) उपकरणं १२१ अंश सेल्सियस आणि १५ पीएसआय दाबावर साधारण ३० मिनिटं ठेवावी लागतात. घाईत पाउच एकावर एक रचले, की मधे वाफच पोचत नाही. पाउचवरच्या उष्णता दाखवणाऱ्या पट्टीचा रंग मात्र बदलतो! तो रंग एवढंच सांगतो, की पाउच तापला. जंतू मेले का, हे आठवड्याच्या स्पोअर टेस्टवरूनच (चिवट जिवाणूंचे बीजाणू मशीनमध्ये ठेवून ते मेले का हे बघण्यावरून) कळतं. पाउच ओला बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नाही. मशीनमध्ये बोअरचं पाणी घातलं तर क्षार साचून हीटर जातो. डिस्टिल्ड वॉटरच हवं.

हँडपीस (ड्रिल फिरवणारं हातातलं उपकरण) आधी पुसायचा, तेल द्यायचं, काही सेकंद फिरवून जादा तेल काढायचं, मगच पाउच. हे टाळलं की तेल आत चिकट होतं आणि बेअरिंग खडखडू लागतं. दोन पेशंटच्या मधे खुर्चीच्या पाण्याची लाइन २०–३० सेकंद वाहती सोडायची. रांग वाढली की हेच पहिलं गळतं.

व्यवसायाची मूल्यं इथेच दिसतात, भिंतीवरच्या शपथेत नाही. समजा, विद्यार्थ्याचा दात काढण्याचा कोटा (अभ्यासक्रमात ठरलेली दातांची संख्या) अपुरा आहे, पण समोरची दाढ रूट कॅनालने वाचणारी आहे. अशा वेळी पेशंटला दोन्ही पर्याय, खर्च आणि किती फेऱ्या होतील ते मराठीत सांगायचं, आणि मगच सही घ्यायची.