माझा अनुभव : ‘दुधात पाणी’ हा शेरा कसा काढून घेतला

यंदा उन्हाळ्यात आमच्या संकरित गाईंच्या दुधाला एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आठ टक्केच लागायला लागला. दर साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफवर बांधलेला, त्यामुळे कपात होणार हे धरूनच होतो. पण संकलन केंद्राच्या पावतीवर ‘पाणी ५%’ असंही छापून आलं. पैशापेक्षा हा आळ जास्त लागला.

चौकशी केली तेव्हा कळलं, पाण्याची खरी तपासणी दूध गोठवून होते, पण केंद्रावरचं मशीन दूध गोठवतच नाही. ध्वनिलहरी सोडून फॅट-एसएनएफ मोजतं आणि पाण्याचा आकडा त्यावरून सूत्राने काढतं. मुळात गाईचंच दूध पातळ असेल तरी त्याला ते पाणीच वाटतं. खरं-खोटं क्रायोस्कोपवर, म्हणजे दूध किती अंशांना गोठतं ते मोजणाऱ्या यंत्रावर कळतं. पाणी घातलं की हा गोठणबिंदू शून्याकडे वर सरकतो. मी लेखी अर्ज दिला : धार समक्ष काढा, एक नमुना बादलीतला, एक कॅनमधला, दोन्ही लॅबला पाठवा. नमुने सील करून बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी गेले. यात हयगय चालत नाही. दूध आंबलं की लॅक्टोजच्या (दुधातल्या साखरेच्या) एका रेणूतून लॅक्टिक आम्लाचे अनेक रेणू होतात, गोठणबिंदू आणखी खाली जातो आणि घातलेलं पाणीसुद्धा झाकलं जातं.

लॅबमध्ये मला शेजारी उभं राहू दिलं. आधी ठरावीक मिठाच्या द्रावणावर मशीन जुळवून घेतलं. मग छोट्या नळीत दोन-अडीच मिली दूध. पारा शून्याखाली तीन अंशांकडे उतरला, तरी दूध पातळच. तेवढ्यात आतली तार थरथरली, दूध गोठू लागलं आणि आकडा सरसर वर चढला, कारण गोठताना उष्णता बाहेर पडते. चढून जिथे थांबला तो गोठणबिंदू. बादलीतलं दूध −०.५३८, कॅनमधलं −०.५३७.

शुद्ध पाणी शून्याला गोठतं, गाईचं दूध साधारण −०.५४ अंशांना. हा फरक विरघळलेल्या कणांमुळे पडतो, आणि त्यात कण कसले यापेक्षा किती हे महत्त्वाचं. दुधात ते काम मुख्यतः लॅक्टोज आणि क्षार करतात. फॅट विरघळलेलं नसतंच, केसीन या प्रथिनाचे गोळे मोठे आणि संख्येने थोडे. म्हणून फॅट किंवा प्रथिनं घटली तरी हा आकडा जागचा हलत नाही. शिवाय कासेत दूध रक्ताशी तोल सांभाळूनच तयार होतं. लॅक्टोज घटला तर क्षार वाढून ती कसर भरून काढतात. मला तर याचं फार नवल वाटलं. पाच टक्के पाणी असतं तर आकडा −०.५१३ च्या आसपास आला असता.

एक पळवाट मात्र आहे. लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर मीठ टाकलं की दहा टक्के पाणी या तपासणीतून निसटतं. म्हणून मीठ, साखर, युरिया यांच्या चाचण्याही सोबत करायला मीच सांगितलं. तिन्ही निरंक आल्या.

अहवाल दाखवल्यावर शेरा खोडला गेला आणि पाण्यापोटी कापलेले पैसे पुढच्या बिलात जमा झाले. एसएनएफची कपात राहिली, ती रास्तच आहे. त्यासाठी चाऱ्याकडे बघतोय. धारा मशीनने काढत असाल तर अर्ज करण्याआधी धुतल्यानंतर पाइपात राहिलेलं पाणी पूर्ण निथळू द्या. तेवढ्यानेही आकडा वर सरकतो.