पट्टी की वजनकाटा?

गळाच्या स्पर्धेत पकडलेला मासा मोजून परत समुद्रात सोडतात हे आपल्याकडे कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. देवगडच्या मामाने फोनवर विचारलं ते असं, "सोडून दिलंस? मगे गेललंस कित्याक?" आता काय सांगणार. त्याच्या दृष्टीने गळ टाकायचा तो कालवणासाठी, आणि तेही चुकीचं नाहीच की, मीही आवडीने खाणाराच माणूस आहे.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला राहतो, इथून चेसिल बीच जवळ आहे, जवळजवळ २९ किलोमीटरची नुसत्या गोट्यांची पट्टी, पोर्टलंडच्या टोकाला गोटे मुठीएवढे आणि दुसऱ्या टोकाला वाटाण्याएवढे. तिथे हिवाळ्यात रात्रीच्या स्पर्धा असतात. चिठ्ठी काढून जागा मिळते, रॉडच्या टोकाला छोटा दिवा, एका तंगुसावर तीन गळ, आमिषाला लगवर्म (वाळूतला किडा) नाहीतर स्क्विडचे तुकडे. पूर्वी अशा स्पर्धांचा शेवट वजनकाट्यावर व्हायचा, म्हणजे सगळेजण पिशवी घेऊन रांगेत उभे, पिशवीत मेलेले मासे, ज्याची पिशवी जड त्याला कप. आणि त्या माशांचं पुढे काय? काही घरी जायचे, बाकीचे सरळ कचऱ्यात. आता बऱ्याच ठिकाणी मासा आला की पट्टीवर लांबी मोजायची, शेजारच्या स्पर्धकाने बघून कार्डावर सही करायची आणि मासा पाण्यात.

लोक म्हणतात अँगलर, म्हणजे हौसेने गळ टाकणारे, सुधारले, त्यांना निसर्गाचं प्रेम आलं वगैरे. आलं असेल थोडंफार. पण मला वाटतं खरं काम केलं ते गुणांच्या तक्त्याने. माणूस जिंकायला येतो, ज्याला गुण मिळतात तेच तो करणार. वजनाला गुण द्या, तो मासा मारून पिशवीत टाकेल, मोजून सोडण्याला द्या, तो जपून हाताळेल.

सरकारी नियमांचाही हातभार लागला म्हणा. सी बास नावाचा मासा इथे सगळ्यांचा लाडका, चवीलाही आणि गळावर झुंजायलाही, पण तो वाढतो फार हळू, मादी पहिल्यांदा अंडी घालायला लागते तेव्हा साधारण ४२ सेंटीमीटरची असते आणि तिथपर्यंत यायला तिची बरीच वर्षं जातात. संख्या घसरली तेव्हा २०१५ मध्ये घरी न्यायच्या माशाची किमान लांबी ३६ वरून ४२ सेंटीमीटर केली, आणि २०१८ मध्ये तर वर्षाचा बहुतेक काळ हौशी लोकांना एकही बास घरी न्यायची परवानगी नव्हती, पकडा आणि सोडा. मग ज्या मॅचमध्ये बास हाच मुख्य मासा तिथे वजनकाटा ठेवून करणार काय?

पण सोडला म्हणजे वाचला असं नसतं, आणि हे स्पर्धावाल्यांना ऐकायला आवडत नाही. गळ ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात लागला तर काम सोपं, पक्कड लावली, फिरवला, निघाला. घशात गेला तर मात्र ओढून काढण्याच्या नादात आतडी येतात बाहेर. तेव्हा तंगूस तोंडाजवळ कापून गळ आतच ठेवून सोडणं चांगलं, पण स्पर्धेत घड्याळ चालू असतं, तयार गळ संपत आलेले असतात, थंडीने बोटं बधिर झालेली असतात आणि मग हात घाई करतो. गोट्यांवरून फरफटत आणलेल्या माशाचा अंगावरचा बुळबुळीत थरही खरवडून जातो, तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो, आपल्याला मात्र मासा पोहत गेला एवढंच दिसतं.

आता तक्त्याची दुसरी बाजू. काही ठिकाणी एक सेंटीमीटरला एक गुण असतो. ऐकायला किती साधं आणि न्यायाचं! पण हिशेब करून बघा, २० सेंटीमीटरचे तीन व्हायटिंग (इथला एक बारका मासा) एकदम आले तर ६० गुण झाले, मग मोठ्या रे माशासाठी (आपला पाकट हो) मोठा गळ लावून दोन तास थंडीत कोण बसेल? सगळे बारीक गळ लावतात, किनाऱ्याजवळ टाकतात, आणि व्हायटिंग इतका हावरट की गळ पार पोटात घेतो. अशी पोरं मोजून सोडली तरी त्यातली कितीतरी पांढरं पोट वर करून लाटेवर हेलकावतात आणि सकाळी सीगल्सची पंगत बसते. कार्डावर मात्र सगळे "जिवंत सोडले". म्हणून माझं म्हणणं, नुसती पट्टी आणून भागत नाही, मोजायला किमान लांबी मोठी ठेवा, गळाचा किमान आकार ठरवा, आणि एका मोठ्या माशाला पाच बारक्यांपेक्षा जास्त गुण द्या. मग बघा लोक गळ कसे बदलतात.

अमेरिकेने हे मार्लिनच्या बाबतीत केलं. अटलांटिकमधल्या बिलफिश (मार्लिनसारखे लांब चोचीचे मासे) स्पर्धांना २००८ पासून नैसर्गिक आमिष असेल तर सर्कल हुक सक्तीचा आहे. या गळाचं टोक आत वळलेलं असतं त्यामुळे घशात सहसा अडकत नाही, बाहेर सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त जोरात झटका मारायचा नाही, रीळ शांतपणे फिरवत राहायचं. जुन्या लोकांच्या हाताला ती सवय लागता लागत नाही.

सोडलेला मासा जगतो का, याचा सगळ्यात भारी पुरावा मला स्कॉटलंडमध्ये मिळाला. ओबानच्या आसपासच्या खोल पाण्यात फ्लॅपर स्केट असतो, पाकटाच्याच नात्यातला पण दोन मीटरच्या वर जाणारा, एके काळी भरपूर होता, आज नामशेष होण्याच्या काठावर. पूर्वी त्याला किनाऱ्यावर टांगून फोटो काढायचे. आता बोटीवर लांबी आणि पंखांची रुंदी मोजतात, कोष्टकातून वजन काढतात, पाठीचा फोटो घेतात आणि सोडतात. फोटो मिरवायला नाही बरं का, प्रत्येक स्केटच्या पाठीवरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. स्केटस्पॉटर नावाच्या संग्रहात अँगलर्सचे हे फोटो जमा होतात आणि जुन्या फोटोंशी जुळवतात. त्यात तोच मासा काही वर्षांनी परत गळाला लागल्याचं दिसतं. म्हणजे सोडलेला जगला, आणि त्याच भागात राहिला. ओबानच्या दक्षिणेला आणि आसपास जो संरक्षित समुद्री पट्टा केलाय तो याच माशासाठी, आणि त्याच्यामागे माशाला ओळखीचा टॅग लावून सोडणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदीही आहेत.

पट्टीत चोरी करता येते म्हणणाऱ्यांना मी ओहायोची गोष्ट सांगतो. समुद्र नव्हे, लेक एरी, पण गंमत तीच. २०२२ मध्ये तिथे वजनाच्या स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले होते, काट्यावर आल्यावर शंका आली आणि सगळ्यांसमोर मासे कापले. पट्टीवर शिसं भरून लांबी वाढत नाही!

आणि हो, सगळ्या जगाला हे सोडणं पटतंय असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकायला बंदी आहे, त्यांचं म्हणणं, खायचा नसेल तर त्याला त्रास का देता. म्हणजे मामा आणि स्विस सरकार एका बाजूला. मला त्यांचं पूर्ण पटत नाही, पण त्यावर माझ्याकडे छान उत्तर आहे असंही नाही.

आपल्या कोकणातही हल्ली गळाच्या स्पर्धा होतात. त्या "सगळ्यात मोठा जिताडा" असल्या बक्षिसावर चालणार असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या, जिताडा बहुतेक वेळा नर म्हणून सुरुवात करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात जड जिताडा म्हणजे जवळपास नक्की अंड्यांनी भरू शकणारी मादी, आणि आपण तिलाच मारून कप देणार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच ५८ सेंटीमीटरच्या खालचा आणि १२० च्या वरचाही ठेवता येत नाही. हेकरूचं उलटं, तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो, तिथे मोठे काढले की नरांची टंचाई. आपल्याकडे सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली, ती आयोजकांनी निदान नोंदणीच्या कागदावर छापावी. कमाल लांबीचं बघायला तर कुणी अडवलेलं नाही, मोठा जिताडा मोजून, फोटो काढून, ओल्या हाताने सोडला तर त्याला दुप्पट गुण, आणि मधल्या मापाचा एखादा ज्याला न्यायचाय त्याने खुशाल न्यावा, मामाला कालवणही होईल.