पुरवून वापरलेला डबा

कापूस वेचणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव नऊ वाजताच रिकामं होतं, मागे राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. मी आशा कार्यकर्ती. त्या दिवशी एका बाळाची एकविसाव्या दिवसाची गृहभेट होती. सिझरचे टाके पिकून त्याची माय जिल्ह्याच्या दवाखान्यातच अडकलेली. सहाव्या दिवशी आजी बाळ घरी घेऊन आली, सोबत पावडरच्या दुधाचा डबा.

झोळीत घालून काटा उचलला. 2 किलो 200. जन्माचं वजन 2 किलो 500 होतं. चौदाव्या दिवशी 2 किलो 400 भरलं तेव्हा मी मनाची समजूत घातली होती, की सुरुवातीला उतरलेलं वजन भरून यायला दोन आठवडे लागतातच. मी विचारलं होतं, किती वेळा पाजता? "आठ-नऊ डाव." लघवी? "धा-बारा लंगोट होते वो." मी वहीत सगळं 'ठीक' लिहून निघाले होते.

आज बाळ रडलंसुद्धा नाही. तळव्यावर टिचकी मारली तर डोळे किलकिले केले, परत मिटले.

"पेते त बरोबर," आजी म्हणाली. मग जरा अभिमानानंच फळीवरून डबा काढून दाखवला. "पंधरा दिवस झाले ताई, अजून सरला नाही. लई पुरवून वापरतो मी."

झाकण उघडलं. 400 ग्रॅमच्या डब्यात तिसरा हिस्सा शिल्लक. माझ्या पोटात गोळाच आला. अडीच किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण 150 मिली, म्हणजे पावणेचारशे मिलीच्या आसपास दूध लागतं. त्या डब्यावर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा होता. दिवसाला बारा-तेरा चमचे. डबा आठवड्यात संपायला हवा होता!

"मले करून दाखवा आजी, कसं बनवता ते."

तिनं पाणी नीट उकळून ठेवलं होतं. बाटली स्वच्छ. दोन डावांचं मिळून 120 च्या रेघेपर्यंत पाणी ओतलं, एक चमचा पावडर टाकली, बोटानं हिशोबानं सपाट केलेला एकच चमचा, आणि हलवली. पांढुरकं पाणी. लंगोट का भिजत होते ते तेव्हा कळलं. गाईच्या दुधातही आपल्याकडं पाणी घालून पाजतात, तिनं तेच केलं. 1992 च्या कायद्यामुळं डब्यावर बाळाचं चित्र नसतं, चांगलंच आहे. पण मिसळायचं कोष्टक बारीक इंग्रजीत होतं आणि आजी निरक्षर. मी तरी ते तिला कधी वाचून दाखवलं होतं?

102 ला फोन लावला. बाळ आजीच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून नेलं. जास्तीच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, घसरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. नवजात कक्षात आठ दिवस गेले.

घरी आल्यावर मी वाटी-चमचा दिला, बाटली बंद. 60 मिली पाण्यात दोन चमचे, पाणी आधी, पावडर नंतर. उरलं तर फेका म्हटल्यावर आजीचा चेहरा पडला. "फेकाचं? हे अमृताच्या भावाचं?" एका डब्याला दोन दिवसांची मजुरी जाते, मी काय बोलणार. नव्या डब्याच्या झाकणावर उघडल्याची तारीख टाकली. आठव्या दिवशी आजीचाच निरोप आला, "ताई, सरला वो."

मायही घरी आली होती. दूध आटलेलं, पण दर वेळी आधी छातीशी लावायचं, मग वाटी, असं चाललं होतं. पुढचा डबा बारा दिवस झाले तरी संपेना. मी धसकून उन्हातच गेले, काटा गळ्यात. झाकणावरची तारीख पाहिली, आत पाहिलं.

"पुन्हा पाणी वाढवलं का?"

माय पदराआडून हसली. बाळ चोखत होतं, घोट घेताना आवाज येत होता. काट्यावर 3 किलो 100.