तोयामाची मासु-झुशी

आज कामानिमित्त जपानमधल्या तोयामाला गेलो होतो आणि परतीची शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) येण्यापूर्वी स्थानकावर मासु-झुशीचा डबा घेतला. दाबून केलेल्या सुशीचा हा प्रकार तिथे १९१२ पासून प्रवाशांना विकला जातो. त्याही आधी, १७१७ मध्ये, तो शोगुन (जपानचे तेव्हाचे लष्करी शासक) तोकुगावा योशिमुने यांना नजर केला गेला होता, असे परंपरा सांगते.

पातळ लाकडी पट्टीचा गोल डबा, त्याच्या वर-खाली बांबूच्या कांबी आणि त्या आवळून धरणारी रबरबँड, एवढा जामानिमा सोडवून झाकण काढले की बांबूची हिरवी पाने दिसतात आणि ती एकेक करून बाजूला केल्यावर गुलाबी-नारिंगी मासा व त्याखाली घट्ट बसलेला, व्हिनेगर लावलेला भात हाती लागतो. मासा ट्राउटचा, तो आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला असल्यामुळे प्रवासातही टिकतो. सोबतच्या छोट्या सुरीने पानांसकट केकसारखे त्रिकोणी तुकडे कापायचे. (डुलत्या गाडीत हे वाटते तितके सोपे नाही.)

ओसाकात सुशी दाबण्याचे काम चौकोनी लाकडी साचा करतो आणि तिथल्या बत्तेरा या दाबलेल्या सुशीमध्ये बांगड्याच्या कुळातला मासा असतो. मला मात्र तोयामाचीच सुशी अधिक आवडते, कारण पानांचा मंद वास भातात उतरलेला असतो आणि सोया सॉसची गरजच भासत नाही. उरलेली फ्रिजमध्ये ठेवू नये, भात टणक होतो.