हुंकारा

मोठी माय गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची: हुंकारा द्यायचा. ‘हं’ थांबलं की गोष्ट थांबली. चोपड्याकडचं आमचं गाव, उन्हाळ्यात रात्रीही भाजणारं घरावरचं मातीचं धाबं, त्यावर अंथरलेल्या गोधड्या आणि पाच-सहा नातवंडांचे पेंगुळलेले ‘हं’.

परवा तरसेम सिंगचा ‘द फॉल’ पाहिला. २००६ चा सिनेमा, २०२४ मध्ये नव्याने उजळून पुन्हा आला. वीसहून जास्त देशांत हिंडून केलेलं चित्रीकरण. आभानेरीची चांद बावडी, जोधपूरची निळी घरं, फत्तेपूर सिक्री... डोळे दिपतात. खरं सांगायचं तर मधेमधे दमतातही. मला धरून ठेवलं ते लॉस एंजेलिसमधल्या इस्पितळातल्या एका खाटेनं. खाटेवर पाय लुळे पडलेला स्टंटवाला आणि बाजूला संत्र्याच्या झाडावरून पडून हात मोडून घेतलेली चिमुरडी. तो तिला गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीतला ‘इंडियन’ हा अमेरिकेतला आदिवासी. तिला मात्र फेटेवाला हिंदुस्थानी दिसतो. संत्र्याच्या बागेत तिच्या ओळखीचा तसाच माणूस कामाला असतो ना!

इथे मला हसू फुटलं. मोठ्या मायने समुद्र कधी पाहिला नव्हता, तेव्हा मीही नाही. तिच्या सात समुद्रांत काय होतं देव जाणे. माझ्या समुद्रात तापीचा पूर होता, गढूळ, उपटून आलेल्या बाभळींसकट. बर्फाचा डोंगर म्हणजे सरकी काढायच्या जिनातला कापसाचा ढीग. राक्षस कोण होता ते सांगत नाही, त्याची मुलं अजून गावात आहेत.

स्टंटवाल्याला जगायचंच नसतं. गोष्टीची लालूच दाखवून तो पोरीकडून मॉर्फिन मागवतो, आणि पुढे गोष्टीतली माणसं एकेक करून मारत सुटतो. पोर रडते, मारू नकोस म्हणून हातापाया पडते.

आणि मला ती रात्र आठवली. दुपारी वादळ झालं होतं. घड कापायला आलेली केळीची बाग पार आडवी. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, चूल पेटली ती फक्त आम्हा पोरांच्या खिचडीपुरती. धाबं ओलं, म्हणून ओसरीत निजलो आणि सवयीने गोष्ट मागितली. चार वाक्यं झाली न झाली तोच मोठी माय म्हणाली, “राजाना पोऱ्या मरी गया. जपा आते.” राजाचा पोरगा मेला, झोपा आता. आणि कुशीवर वळली. कुणाचाच आवाज निघाला नाही.

दुसऱ्या रात्री राजपुत्र घोड्यावर हजर! मी भांडलो, काल मेला होता म्हणून. गोधडी सारखी करत ती म्हणाली, मेला म्हटलं तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी हुंकारा दिला होता का?