मे महिन्यात वर्ग कशाला?

आमच्या यवतमाळकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. तेवढ्या सुट्टीत पोरं जोडाक्षरं पार विसरतात. म्हणून सकाळी सात ते साडेआठ देवळाच्या ओट्यावर माझा वर्ग. नंतर फरशी तापते. इथे इयत्ता विचारत नाही. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीने, वाचता येईल तसे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट. पाचवीतला एक उंच पोरगा तिसरीतल्या बहिणीशेजारी, शब्दांच्या गटात बसायला लाजायचा. परवा ‘विहिरीत’वर बोट ठेवून न अडखळता वाचलं, अन् लगेच तिचं पुस्तक ओढलं.

‘सहावीचा अभ्यास आत्ताच उरका’ म्हणणारे पालक भेटतात. त्यांना मी सरळ नाही म्हणते. पाचवीचंच वाचता येत नसेल तर सहावीचं घोडं दामटून काय उपयोग? अन् साडेआठनंतर कैऱ्या पाडायला पोरं मोकळी.